पाच घरांतला प्रवासी

आम्ही सलालाहला पोचलो त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. अरबस्तानात पाऊस म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. आम्हांलाही वाटले. अरबस्तान म्हणजे वाळू, उंट आणि तापलेले आकाश, एवढेच चित्र आपण लहानपणापासून मनात धरलेले असते. परंतु ओमान देशाच्या दक्षिणेला, मस्कतपासून सुमारे हजार किलोमीटरवर धोफार प्रांत आहे आणि सलालाह हे त्याचे मुख्य शहर. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथील डोंगर हिरवेगार होतात, धुके खाली उतरते आणि रस्त्यांवर शेवाळ धरते. कोकणात पाऊस पाडणारा जो नैर्ऋत्य मोसमी वारा, त्याचीच ही कृपा. रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी मांडलेल्या टपऱ्या दिसल्या, तेव्हा आपण रत्नागिरीकडे आलो की काय असे क्षणभर वाटले.

आमचा मुक्काम नात्यातल्या एका कुटुंबाकडे होता. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेले. घरात ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. रोज सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून एक शब्दकोडे सोडवायचे, हा त्यांचा नेम. देशाहून येणारा प्रत्येक पाहुणा त्यांच्यासाठी मराठी दैनिकांतल्या शब्दकोड्यांची कात्रणे आणतो. खाऊ आणला नाही तरी चालते, कात्रणे मात्र आणलीच पाहिजेत. आजी पेन्सिलीने कोडे सोडवतात आणि नवी माहिती मिळाली की ती एका वहीत टिपून ठेवतात. अशा चार वह्या भरल्या आहेत.

शब्दकोडे हा प्रकार तसा फार जुना नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड या वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात आर्थर विन या पत्रकाराने पहिले कोडे दिले. हा गृहस्थ इंग्लंडमधील लिव्हरपूलचा, पोटासाठी अमेरिकेत गेलेला. तेथून हा खेळ जगभर पसरला आणि मराठीतही रुळला. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटे अक्षर बसते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसकट पूर्ण अक्षर एका घरात घालावे लागते. त्यामुळे आपल्याकडे शब्द लिहिता येण्याबरोबर तो बरोबर फोडताही आला पाहिजे.

आजींनी पहिल्याच सकाळी आम्हांला शेजारी बसवून घेतले. पहिले शोधसूत्र होते पावसाळी पिकांच्या हंगामाचे, तीन घरे. आम्ही गोंधळलो. आपण मॉरिशसची माणसे. मराठी शाळेत शिकलो, घरी थोडीफार ऐकली, पण शेतीचे शब्द आपल्याकडे उसाच्या शेतातल्या क्रिओलमधून आलेले. आजींनी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बोट दाखवले आणि विचारले, याला इथले लोक काय म्हणतात? सलालाहच्या या पावसाळी दिवसांना तेथे खरीफ म्हणतात. तोच आपला खरीप! अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू. फारसीच्या वाटेने हा शब्द हिंदुस्थानात आला आणि शरदात हाती येणाऱ्या पिकांच्या हंगामाचे नाव झाला. मराठी शेतकऱ्याच्या तोंडचा एक शब्द आम्हांला अरबस्तानात भेटला.

दुसरे शोधसूत्र उभे होते: महंमद तुघलकाच्या दरबारी राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी, पाच घरे. शेवटचे घर देवगिरीला मिळालेल्या नव्या नावात, म्हणजे दौलताबादमध्ये, अडकलेले होते. दौलताबाद लिहून झाले आणि उभ्या शब्दाच्या शेवटी ता आले. इ, ब्न, ब, तू, ता. इब्न बतूता. नाव आम्ही ऐकलेले होते, पण त्यापुढे काही सांगता आले नसते. कोड्याची ही एक खोडच आहे. घरे भरली की आपल्याला वाटते, झाले, समजले. आजी मात्र तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. हा प्रवासी इथे, या गावात राहून गेला आहे, असे त्यांनी सांगितले आणि संध्याकाळी त्याचे गाव पाहून येण्याची आज्ञा केली.

तेव्हा वाचकहो, त्या पाच घरांत कोंडलेल्या माणसाची हकीकत आज आपण पाहू.

अबू अब्दुल्ला मुहम्मद इब्न बतूता याचा जन्म फेब्रुवारी १३०४ मध्ये मोरोक्कोतील टँजियर बंदरात झाला. घराणे काजींचे, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे न्यायनिवाडा करणाऱ्यांचे. त्याचेही शिक्षण त्याच विषयात झाले. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो मक्केच्या यात्रेला निघाला. सोबत कोणी नव्हते. आईवडील दोघेही हयात होते आणि त्यांना सोडून जाताना त्याला फार जड गेले, हे त्याने पुढे प्रांजळपणे सांगून ठेवले आहे. वर्षा-दोन वर्षांत यात्रा करून परत यावे, एवढाच त्या घराचा हिशेब असणार. तो परतला तेव्हा मध्ये चोवीस वर्षे गेली होती.

उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने तो अलेक्झांड्रियाला पोचला. तेथील प्राचीन दीपगृह त्याने पाहिले, तेव्हा त्याची एक बाजू ढासळलेली होती. त्याच शहरात एका साधुपुरुषाने त्याला सांगितले की तू हिंद, सिंध आणि चीनला जाशील आणि तेथील माझ्या बंधूंना माझा सलाम सांगशील. त्या क्षणापर्यंत एवढ्या दूर जाण्याचा विचारही त्याच्या मनात आला नव्हता. बीज मात्र पडले. कैरो, दमास्कस, मदिना असे करत तो १३२६ मध्ये मक्केला पोचला. यात्रा पूर्ण झाली, पण पाऊल घराकडे वळले नाही. इराक आणि इराण पाहून तो पुन्हा मक्केला आला. तेथून येमेन, एडन, आणि मग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने मोगादिशू, मोंबासा, किल्वा. हे आपल्याच महासागराचे काठ. आपले बेट त्या वेळी निर्मनुष्य होते, पण त्याच्या उत्तरेकडून वाऱ्याच्या तालावर जाणारी-येणारी जहाजे तेव्हाही होती.

किल्व्याहून जहाजाने तो ज्या बंदराला आला ते जफार. साल १३३० च्या आसपासचे. जफार म्हणजेच धोफार, आणि त्या बंदराचे अवशेष आज सलालाह शहरातच, समुद्रालगत, अल-बलीद या नावाने जपलेले आहेत. २००० साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या ऊदाच्या भूमीच्या स्थळांपैकी हे एक. संध्याकाळी आम्ही तेथे गेलो. गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती, मोठ्या मशिदीच्या खांबांचे बुंधे, एका बाजूला खाडीचे शांत पाणी आणि पलीकडे खवळलेला समुद्र. वर भुरभुर चालूच. तेथे उभे राहून इब्न बतूताने काय पाहिले असेल याचा विचार करताना गंमत वाटली, कारण त्याने जे लिहून ठेवले त्यातले पुष्कळसे आम्हांला ओळखीचे होते.

जफारमधून घोडे हिंदुस्थानला जात आणि हिंदुस्थानातून तांदूळ येई. तोच तेथील लोकांचा मुख्य आहार होता. अनुकूल वारा मिळाला तर कालिकतपर्यंतचा प्रवास सुमारे एका महिन्याचा. हिंदुस्थानचे जहाज बंदराला लागले की सुलतानाचे सेवक होडीतून सामोरे जात आणि जहाजाचा मालक, तांडेल आणि कारकून या तिघांनाही मानाची वस्त्रे देत. सगळ्या खलाशांना तीन दिवस सरकारी पाहुणचार असे. व्यापारी पुन्हा यावेत म्हणून ही युक्ती. बाजार मात्र त्याला मुळीच आवडला नाही. फळे आणि मासळी यांच्यामुळे माशा घोंघावत असत. मासळी मुख्यत्वे तारलीसारखी, अतिशय तेलकट. गुराढोरांनाही तेथे तीच मासळी खायला घालत, याचे त्याला फार आश्चर्य वाटले. अन्यत्र कोठेही असे पाहिले नाही, असे तो नमूद करतो.

पण खरे आश्चर्य पुढे आहे. जफारच्या बागांत त्याला विड्याच्या पानांचे वेल आणि नारळाची झाडे दिसली. मोरोक्कोच्या माणसाला दोन्ही वस्तू अपरिचित. म्हणून त्याने आपल्या वाचकांसाठी त्यांचे सविस्तर वर्णन केले. पानवेल द्राक्षाच्या वेलीप्रमाणे मांडवावर किंवा नारळाच्या झाडावर चढवतात, सुपारी आणि चुना लावून पान खातात, आणि पाहुण्याला विडा देणे हा सोन्यारुप्यापेक्षा मोठा मान समजतात. नारळाला माणसाच्या डोक्यासारखा आकार आहे, दोन डोळे आणि तोंड आहे, आणि त्याच्या सोडणाच्या तंतूंचे दोर वळून त्यांनी जहाजांच्या फळ्या शिवतात, खिळे ठोकत नाहीत. आपल्या घरात लग्नाकार्याला जो नारळ आणि जो विडा लागतो, त्यांची ओळख एक परका माणूस आपल्या लोकांना करून देतो आहे! ती वाचताना रोजच्या वस्तूही आम्हांला नव्याने दिसल्या.

जफारहून पुढे ओमान आणि होर्मुझ, मग आशिया मायनर, काळ्या समुद्राचा काठ, कॉन्स्टँटिनोपल, मध्य आशियाचे गवताळ प्रदेश आणि अफगाणिस्तानचे घाट ओलांडून १२ सप्टेंबर १३३३ रोजी तो सिंधूच्या काठी आला. दिल्लीच्या गादीवर महंमद तुघलक होता. परदेशी विद्वानांना हा सुलतान मोठमोठ्या जागा आणि देणग्या देतो, ही कीर्ती इब्न बतूताच्या कानावर आलेली होती. तो दिल्लीचा काजी झाला. पगार वर्षाला १२,००० दिनार. तरीही खर्च एवढा वाढला की कर्ज ५५,००० दिनारांवर गेले आणि ते शेवटी सुलतानानेच फेडले.

पण सुलतानाचा एक हात देणारा, तर दुसरा डोके उडवणारा. त्याच्या दारात एखादा गरीब श्रीमंत झालेला नाही किंवा एखाद्याचा शिरच्छेद झालेला नाही असा दिवस क्वचितच जाई, असे इब्न बतूताने नोंदवले आहे. दिल्लीच्या रहिवाशांना दौलताबादला नेल्याच्या भयंकर कथाही त्याने लिहून ठेवल्या. ती घटना त्याच्या येण्यापूर्वीची, तेव्हा त्या ऐकीव आहेत हे आपण ध्यानात ठेवावे. सुलतानाची गैरमर्जी झालेल्या एका साधूला तो भेटायला गेला होता. साधूला मृत्युदंड झाला आणि इब्न बतूतावर पहारा बसला. त्या दिवसांत त्याने उपास केले, जप केला, आणि सुटका होताच सगळी मालमत्ता वाटून टाकून फकिराचा वेष घेतला. एवढ्यात सुलतानाने त्याला बोलावून घेतले आणि चीनच्या बादशहाकडे आपला वकील म्हणून जाण्यास सांगितले.

हा लवाजमा दिल्लीहून निघाला आणि अलीगढजवळ, त्या काळच्या कोइलजवळ, त्याच्यावर हल्ला झाला. इब्न बतूता एकटा पडला, लुटारूंच्या हाती सापडला, सुटला, आणि कित्येक दिवस रानावनातून अनवाणी भटकत राहिला. शक्ती संपली तेव्हा एका अनोळखी माणसाने त्याला खांद्यावर घेऊन गावापर्यंत पोचवले. शुद्धीवर येईतो तो माणूस निघून गेला होता.

यापुढचा मार्ग आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण तो मराठी मुलखातून जातो. दौलताबादला पोचल्यावर त्याने देवगिरीचा किल्ला पाहिला. कातीव खडकाच्या माथ्यावरचा गड, वर चढण्यासाठी चामड्याची शिडी, आणि रात्री ती शिडी वर ओढून घेण्याची पद्धत. गडाच्या तळघरातल्या कैद्यांबद्दल आणि तेथील उंदरांबद्दल त्याने लिहिले आहे. उंदीर एवढे मोठे की मांजरेही त्यांना भिऊन पळत. हे उंदीर लक्षात ठेवा. त्यांच्याशी आपल्याला पुढे काम पडणार आहे. त्या मुलखातील लोकांना त्याने मराठे म्हटले आहे. द्राक्षे आणि डाळिंबे यांची त्याने वाखाणणी केली. मराठी बायकांच्या रूपाचेही, विशेषतः नाक आणि भिवया यांचे, कौतुक केले.

नंदुरबारला तो थांबला. तेथील मराठे कुशल कारागीर आहेत, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, त्यांचा आहार भात, भाज्या आणि तिळाचे तेल असा आहे, स्नान केल्याशिवाय ते जेवत नाहीत, नात्यात लग्ने करत नाहीत आणि मद्य पीत नाहीत, असे त्याने नोंदवले. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी जवळजवळ तीनशे वर्षे एका परक्या माणसाने घेतलेल्या या नोंदी आहेत. आपल्या लोकांचे त्या काळचे असे घरगुती वर्णन फार थोड्या ठिकाणी सापडते. दौलताबादचे आडवे नाव आणि इब्न बतूताचे उभे नाव एका घरात एकमेकांना छेदून गेले, ही कोडे रचणाऱ्याची सोय असेल. इतिहासात मात्र ती गाठ खरीच पडलेली आहे.

खंबायतहून तो समुद्रमार्गे गोवा, होनावर, मंगळूर करत कालिकतला पोचला. चीनला जाणारी मोठी जहाजे तेथे उभी होती. बादशहासाठीच्या भेटी एका जहाजावर चढल्या. त्याचे स्वतःचे सामान आणि माणसे दुसऱ्या, लहान जहाजावर. शुक्रवारची नमाज पढण्यासाठी तो किनाऱ्यावर राहिला आणि त्याच काळात समुद्र खवळला. भेटींचे जहाज फुटले, त्यावरची माणसे बुडाली. ते पाहून दुसऱ्या जहाजाने शिडे उभारली आणि त्याला मागे टाकून ते निघून गेले. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या या राजदूतापाशी उरले काय? दहा दिनार आणि अंगाखाली अंथरायची एक सतरंजी. दिल्लीला परत जावे तर सुलतान विचारणार, भेटी बुडाल्या आणि तू कसा वाचलास? तो परत गेला नाही.

नाइलाजाने तो मालदीव बेटांवर गेला. तेथे तेव्हा खदीजा नावाची राणी राज्य करत होती. सुशिक्षित काजी मिळाल्याचा तेथील लोकांना एवढा आनंद झाला की ते त्याला जाऊ देईनात. सुमारे दीड वर्ष तो तेथे राहिला. कवड्यांचे चलन, सुकवलेली मासळी, नारळावर चालणारा सारा संसार, हे सगळे त्याने टिपले. बेटावरच्या स्त्रियांनी अंगभर वस्त्रे घालावीत असा हुकूम त्याने काढला, पण तो कोणी मानला नाही, हेही त्याने लपवले नाही. तेथील प्रतिष्ठित घराण्यांत त्याने लग्ने केली. दरबारात वितुष्ट आले तेव्हा बायकांना सोडचिठ्ठी देऊन तो निघून गेला. त्यातल्या एकीला पुढे मुलगा झाला. काही काळाने तो मुलाला पाहण्यासाठी परत आला. मूल दोन वर्षांचे होते. आईपाशीच ते सुखात राहील असे ठरवून पाच दिवसांत तो पुन्हा जहाजावर चढला.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. आपण बेटावरची माणसे. जहाजाने माणसे नेली आणि पुन्हा आणली नाहीत, हे आपल्या प्रत्येक घराण्याच्या मुळाशी आहे. आपले पणजोबा-खापरपणजोबा मुंबईच्या बंदरातून निघाले तेव्हा मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. इब्न बतूताची कथा वाचताना आपण त्याच्याबरोबर जहाजावर असतो. पण ज्यांना तो काठावर सोडून गेला त्यांचीही ती कथा आहे. त्याच्या ताफ्यात विकत घेतलेले दास आणि दासी असत, हेही सांगितले पाहिजे. तो त्या काळचा माणूस होता. आपण त्याला संत करू नये आणि खलपुरुषही करू नये.

मालदीवहून श्रीलंकेचे आदमशिखर, तामीळ किनारा, पुढे समुद्रात चाच्यांनी केलेली नागवण, बंगाल, सुमात्रा आणि चीन असा प्रवास करून तो पुन्हा कालिकतला आला. तेथून अठ्ठावीस दिवसांत १३४७ मध्ये दुसऱ्यांदा जफारला उतरला. पहिल्या खेपेला ज्याची राजवट पाहिली त्या सुलतानाचा मुलगा आता गादीवर होता. अल-बलीदच्या त्याच भिंती, तीच पानवेल, तेच नारळ. पाहणारा मात्र तिशीकडे झुकलेला तरुण राहिला नव्हता. त्रेचाळीस वर्षांचा, अनेकदा नागवला गेलेला आणि आता घराकडे निघालेला माणूस होता.

घराकडची वाट मृत्यूच्या मुलखातून गेली. १३४८ साली पश्चिम आशियात प्लेगची महाभयंकर साथ पसरली होती. शहरांतून रोज शेकड्यांनी प्रेते निघत. दमास्कसला त्याने एका मुलाची चौकशी केली. वीस वर्षांपूर्वी एका पत्नीला तेथे गरोदर अवस्थेत सोडून तो गेला होता, आणि मुलगा झाल्याची वार्ता त्याला हिंदुस्थानात कळली होती. आता समजले की तो मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला. त्याच शहरात वडिलांच्या मृत्यूची बातमी मिळाली. तिला पंधरा वर्षे होऊन गेली होती. मोरोक्कोत शिरल्यावर, टँजियरच्या वाटेवर, कळले की आईही प्लेगने गेली. चोवीस वर्षांनी परतलेल्या मुलाला तिची कबर तेवढी पाहता आली.

एवढ्यानेही त्याचे पाय थांबले नाहीत. तो स्पेनला जाऊन आला, सहारा ओलांडून माली राज्य पाहून आला. अखेर मोरोक्कोच्या सुलतानाने त्याला फेज शहरी बोलावले आणि पाहिलेले सर्व सांगण्याची आज्ञा केली. इब्न जुझय या तरुण लेखकाने ते उतरवून घेतले. टिपणे चाच्यांच्या लुटीत आणि इतर आपत्तींत गेली होती. बहुतेक सारे आठवणीतून सांगितले गेले. डिसेंबर १३५५ मध्ये हे काम पुरे झाले. रिहला, म्हणजे प्रवास, या नावाने हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. इब्न बतूता पुढे मोरोक्कोतच काजी म्हणून राहिला आणि १३६८ किंवा १३६९ मध्ये वारला. त्याने सुमारे १,१७,००० किलोमीटर प्रवास केला असावा असा हिशेब मांडला जातो. वाफेचे इंजिन नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

त्याच्या म्हणण्यातले सगळेच खरे मानता येत नाही. व्होल्गाकाठच्या बुल्गार शहराची सहज-फेरी विद्वान अशक्य मानतात. चीनच्या काही भागांविषयीही शंका आहेत. काही वर्णने आधीच्या प्रवाशांकडून उचललेली आहेत. पण त्याच्या हयातीतच फेजच्या दरबारी त्याला सरसकट खोटा ठरवले जात होते, ते वेगळ्या कारणाने. दिल्लीच्या सुलतानाची श्रीमंती आणि देणग्या यांच्या गोष्टी त्यांच्या कल्पनेत मावत नव्हत्या.

हे आपल्याला कळते ते इब्न खल्दून या थोर इतिहासकारामुळे. तो तेव्हा तरुण होता आणि त्यालाही या गोष्टी पटत नव्हत्या. त्याने एका वजिरापाशी तसे बोलून दाखवले. वजिराने त्याला एक दृष्टांत दिला. एका मंत्र्याला राजाने बंदिवासात टाकले. त्याचा लहान मुलगा तेथेच वाढला. मोठा झाल्यावर तो बापाला विचारू लागला की आपण खातो ते मांस कशाचे? बाप म्हणाला, मेंढीचे. मेंढी कशी असते ते त्याने वर्णन करून सांगितले. मुलगा म्हणाला, म्हणजे उंदरासारखीच ना? कारण त्या तुरुंगात त्याने उंदराखेरीज दुसरा प्राणी पाहिलेला नव्हता. आपण पाहिले नाही म्हणून ते नाही, असे म्हणू नये, हा वजिराचा बोध इब्न खल्दूनने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला. दौलताबादचे खरे उंदीर सांगणाऱ्या प्रवाशाच्या बचावाला अखेर दृष्टांतातले उंदीर धावून आले!

परत आल्यावर आम्ही ही सारी हकीकत आजींना सांगितली. त्यांनी वही काढली आणि पानवेल व तांदूळ एवढे दोन शब्द लिहून घेतले. बाकीचे त्यांच्या वहीत आधीच होते. आम्ही विचारले की एवढे टिपून ठेवून या वयात उपयोग काय? त्यांनी सांगितले की नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, घरी मराठी बोलतात पण शब्द दिवसेंदिवस गळत चालले आहेत. रोज एक कोडे त्यांच्यासमोर सोडवले की दोन-तीन शब्द तरी कानावर पडतात. गळतात त्यापेक्षा एक जास्त पडला, की त्या दिवसाचे काम झाले.

आमच्या मनाला ते लागले. आपल्याकडेही हेच घडले आहे. पहिल्या पिढीची बोली तिसऱ्या पिढीत गाण्यांपुरती आणि पाचव्या पिढीत देवघरापुरती उरली. नारळ, विडा, हळद, अक्षता असे शब्द आपण जपले, कारण त्यांच्या वस्तू हातात राहिल्या. ज्यांच्या वस्तू गेल्या ते शब्दही गेले. खरीप हा शब्द आम्हांला परदेशात, धुक्याकडे बोट दाखवून, पुन्हा शिकावा लागला. नुसता शब्द ठाऊक असणे म्हणजे तुरुंगातल्या मुलाची मेंढी होय. शब्दाच्या मागची वस्तू, माणूस आणि वाट शोधली, तरच तो आपला होतो. पाच घरे भरून आम्ही थांबलो असतो, तर इब्न बतूता आमच्यासाठी तेवढाच राहिला असता.

निघताना आजींनी न सोडवलेली वीस कात्रणे आमच्या पिशवीत घातली. त्यांतले एक शोधसूत्र आज आपल्या वाचकांना देतो. जफारच्या काळात जहाजे ज्याच्या दोराने शिवत, तो नारळाच्या सोडणातला तंतू, दोन घरे, पहिले अक्षर का. शब्दकोश उघडण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा. आणि उत्तर मिळाले की तो शब्द त्यांनी कोणाकडून ऐकला, हेही विचारून ठेवा.